किमती पाठ करा, नियम निघू द्या

सातवीच्या गणितातला घातांकाचा धडा आपण चुकीच्या क्रमाने शिकवतो, असे माझे ठाम मत आहे. व्याख्या फळ्यावर लिहायची, पाया कोणता आणि घातांक कोणता ते दाखवायचे, दोन उदाहरणे सोडवायची आणि तिसऱ्या तासाला नियम सुरू. पाया समान असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज. भागाकारात वजाबाकी. घाताचा घात असेल तर घातांकांचा गुणाकार. घातांक शून्य असेल तर किंमत एक. घातांक ऋण असेल तर संख्या छेदात. हे सगळे एकाच धड्यात, हातात असतील तेवढ्या तासांत उरकायचे. मुले नियम चौकटीत लिहून घेतात, पाठ करतात, घटक चाचणीत त्यावर गुणही मिळवतात. आणि त्याच उत्तरपत्रिकेत, दोन प्रश्न पुढे, दोनचा तिसरा घात सहा लिहितात.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवते. ही चूक फक्त मागे पडलेल्या मुलांची असती तर मी हा लेख लिहिला नसता. शिष्यवृत्तीच्या जादा तासाला बसणारी, तीसपर्यंत पाढे तोंडपाठ असणारी मुलेही हेच लिहितात. कारण उघड आहे. दोन आणि तीन हे आकडे जवळजवळ दिसले की पहिलीपासून कानात बसलेले ‘बे त्रिक सहा’ आपोआप उमटते. त्या जागी ‘दोन, चार, आठ’ उमटावे यासाठी आपण काहीच केलेले नसते. आपण दिलेला असतो नियम, आणि नियम नुसते डोक्यावरचे आकडे इकडून तिकडे हलवतो. त्या सगळ्या हलवाहलवीत आठ ही संख्या मुलाला एकदाही भेटत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की पाठांतर करायचे तर घातांच्या किमतींचे करावे. नियमांचे करू नये.

पाठांतराला हल्ली सरसकट नावे ठेवली जातात. मला ते पटत नाही. आपल्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी पाठ केली होती. अपूर्णांकांच्या गुणाकाराचा नियम त्यांतल्या कितीजणांना सांगता आला असता, मला शंका आहे. पण सात पाऊण सव्वापाच हे त्यांच्या जिभेवर असे, आणि हळदीच्या पेठेत किंवा गुळाच्या अडतीवर तेवढ्यावर त्यांना कुणी फसवू शकत नसे. त्यांनी उत्तरे पाठ केली होती. आपण मात्र उत्तरे सोडून दिली आणि उत्तर काढण्याचे नियम पाठ करायला लावले. पाठांतराचे ओझे तसेच राहिले आणि त्यातून मिळणारी पकड गेली.

काय पाठ असावे? फार नाही. दोनचे दहाव्या घातापर्यंत : दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, दोनशे छप्पन्न, पाचशे बारा, एक हजार चोवीस. तीनचे सहाव्या घातापर्यंत, म्हणजे सातशे एकोणतीसपर्यंत. पाचचे पाचव्यापर्यंत, म्हणजे तीन हजार एकशे पंचवीसपर्यंत. दहाचे नवव्यापर्यंत, तेही नावांसकट : दहा, शंभर, हजार, दहा हजार, लाख, दहा लाख, कोटी, दहा कोटी, अब्ज. वर्ग आणि घन अनेक शाळांत पाठ करून घेतातच. यातल्या दोनच्या घातांना तर मुले आधीच ओळखतात. मोबाईल घेताना ६४ जीबी की १२८ जीबी की २५६ जीबी हे सातवीतल्या पोराला बापापेक्षा जास्त ठाऊक असते. जूनपासून रोज तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटे म्हणून घेतले तर धडा येईपर्यंत वर्गातल्या बहुतेकांच्या तोंडी हे सगळे बसलेले असेल.

आता याच मुलांना विचारा, आठ गुणिले सोळा किती? एकशे अठ्ठावीस. आठ हा दोनचा कितवा घात? तिसरा. सोळा? चौथा. आणि एकशे अठ्ठावीस? सातवा. मग चार गुणिले बत्तीस करून बघा, पुन्हा एकशे अठ्ठावीस. दुसरा आणि पाचवा मिळून सातवा. नऊ गुणिले सत्तावीस, दोनशे त्रेचाळीस; दुसरा आणि तिसरा मिळून पाचवा. अशी पाच-सहा उदाहरणे झाली की वर्गातून कुणीतरी ओरडतेच, ‘मॅडम, बेरीज होतेय!’ ती बेरीज का होते हे सांगायला मग फळ्यावर तीन दोन आणि पुढे चार दोन मांडून मोजायचे, एवढेच उरते. नियम त्यांनी पकडलेला असतो आणि त्याचा पुरावा त्यांच्या स्वतःच्या वहीत असतो. असा मुलगा घातांकांचा गुणाकार करून बारावा घात लिहू लागला तरी अडखळेल, कारण एकशे अठ्ठावीसच्या जागी चार हजारांच्या वरची संख्या येते हे त्याला खटकेल. पाया चार आणि घातांक सात असे लिहिणारी मुलेही असतात. त्यांना चारचा सातवा घात काढून बघायला सांगितले की सोळा हजारांवर गेल्यावर ती आपणच खोडरबर घेतात. किंमत ठाऊक असेल तर चूक मुलाला स्वतःला सापडते. नुसता नियम ठाऊक असेल तर ती मी लाल पेनाने दाखवल्याशिवाय सापडत नाही.

बेरजेचेही तसेच. दोनचा तिसरा घात अधिक दोनचा चौथा घात, या प्रश्नाला वर्गातली निम्मी मुले सातवा घात म्हणतात, कारण ‘घातांकांची बेरीज’ हे शब्द पाठ असतात आणि मधले चिन्ह कोणते होते ते विसरलेले असते. ज्याला आठ आणि सोळा दिसतात त्याला उत्तर चोवीस हेही दिसते, आणि चोवीस हा दोनच्या घातांच्या रांगेत कुठेच नाही हेही. इथे नियम नाही, हे कळणे नियम कळण्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि ते पाठ्यपुस्तकातल्या चौकटीतून कधीच कळत नाही.

किमतींच्या बरोबरीने दुसरी गोष्ट सांभाळायची ती सांगण्याची पद्धत. दोनचा तिसरा घात म्हणजे ‘दोनला दोनने तीन वेळा गुणणे’ असे आपण सहज बोलून जातो. शब्दशः केले तर मुलाचे उत्तर सोळा येते, कारण पहिला दोन आधीच मांडलेला असतो आणि वर तीनदा गुणले जाते. सांगण्यातच चूक आहे, मुलाची नाही. ‘तीन दोन मांडा आणि त्यांचा गुणाकार करा’ हे बरोबर. मला मात्र त्याहून चांगली एक वाट सापडली आहे : सुरुवात एकपासून करायची. एकला दोनने तीन वेळा गुणा. एक, दोन, चार, आठ. घातांक म्हणजे किती वेळा गुणले त्याची मोजणी. या सांगण्यात शून्याचे कोडे आपोआप सुटते. एकला दोनने शून्य वेळा गुणले, म्हणजे गुणलेच नाही, तर एकच राहिला. पाचने शून्य वेळा गुणले तरी एकच. ‘कशाचाही शून्य घात एक असतो, असे मान्य करा’ असे सांगावे लागत नाही. आणि ऋण घातांक म्हणजे एकला तितक्या वेळा भागणे : एक, अर्धा, पाव, अष्टमांश. मुले हे न दचकता स्वीकारतात. सोळा, आठ, चार, दोन असे उतरत आलेल्या पोराला पुढची पायरी एक आणि त्यापुढची अर्धा हे सांगावेच लागत नाही. एकक, दशक, शतक यांच्या घरांकडे बोट दाखवले तरी हेच दिसते. हजारचे घर दहाचा तिसरा घात, शतकाचे दुसरा, दशकाचे पहिला, तर एककाच्या घराला शून्याखेरीज कोणता घातांक देणार?

लिहिण्याकडेही आपले दुर्लक्ष होते. घातांक हा जागेवर अवलंबून असलेला आकडा आहे; थोडा खाली सरकला की दोनचा पाचवा घात पंचवीस होऊन बसतो. एकेरी रेघांच्या वहीत घाईने लिहिणाऱ्या मुलाचे दोन ओळींनंतरचे अक्षर त्याचे त्यालाच लागत नाही आणि गणित तिथे फसते. चौकोनी घरांच्या वहीत, पायाच्या घराच्या वरच्या कोपऱ्यात, लहान पण स्पष्ट आकडा काढायला पहिले काही दिवस सक्तीने लावले पाहिजे. मोबाईलवरून पाठवलेल्या गृहपाठात तर हा घोटाळा सर्रास होतो. डोक्यावरचा आकडा टाइप करताना खाली येतो आणि दहाचा पाचवा घात १०५ म्हणून मुलांपर्यंत पोहोचतो. गृहपाठ हाताने लिहून त्याचा फोटो पाठवणे हा साधा उपाय आहे, तो करायलाच हवा.

आणि कंस. उणे तीन कंसात घालून वर्ग केला तर नऊ; कंस नसेल तर वर्ग फक्त तीनचा, आणि उत्तर उणे नऊ. हा नियम म्हणून सांगितला तर चार दिवसांत उडून जातो. दोन्ही पसरून लिहायला लावले, एकात उणे तीन दोनदा येतो आणि दुसऱ्यात उणे चिन्ह एकदाच बाहेर उभे राहते, की तो हाताला बसतो. पुढे संगणकावर एक्सेलमध्ये हीच आकडेमोड कंसाशिवाय घातली तर ते वर्ग उणे तीनचाच समजून नऊ उत्तर देते. म्हणजे मोठेपणी कंस घालायची सवयच या मुलांना वाचवणार आहे.

किंमत काढणे हे कंटाळवाणे काम आहे, हा समजही चुकीचा आहे. तीनचा आठवा घात काढायला सात गुणाकार लागत नाहीत. तीनचा वर्ग नऊ, नऊचा वर्ग एक्याऐंशी, एक्याऐंशीचा वर्ग सहा हजार पाचशे एकसष्ट. तीन गुणाकारांत झाले. घातांक निम्मा करत जायचा आणि वर्ग करत परत यायचे, ही रीत पिंगल या प्राचीन पंडिताच्या छंदःशास्त्रातल्या, म्हणजे वृत्तांवरच्या ग्रंथातल्या सूत्रांत आहे. तिथे ती आली ती वृत्तांच्या मोजणीसाठी. प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू, म्हणून तीन अक्षरांचे गट दोनच्या तिसऱ्या घाताइतके, आठ. हे आठ गण आपली मुले मराठीच्या व्याकरणात ‘यमाताराजभानसलगा’ म्हणून पाठ करतात. ते आठच का, हे मराठीच्या तासाला सहसा कुणी विचारत नाही आणि गणिताच्या तासाला त्यांची आठवण कुणाला होत नाही. दोन शिक्षकांनी मिळून एक तास घेतला तर शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांच्या ओळीत लघुगुरूंच्या किती मांडण्या शक्य होत्या हे मुलांना काढता येईल : दोनचा एकोणिसावा घात, पाच लाख चोवीस हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी. त्यांतून कवींनी एक निवडून शतकानुशतके चालवली.

पण मला या धड्याची काळजी वाटते ती कवितेपेक्षा पाण्यामुळे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत पावसाळ्याचे चार महिने माणसे दहाच्या घातांच्या भाषेत बोलत असतात. कोयनेत आज किती टीएमसी, आवक किती क्युसेक, सहा वक्री दरवाजे किती फुटांनी उचलले, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत घराघरांत हे आकडे मोठ्याने वाचले जात होते आणि त्यांच्यावर सामान हलवायचे की नाही ते ठरत होते. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, दहाचा नववा घात, एक अब्ज घनफूट. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एवढे दोन अर्थ आणि घातांकाच्या भागाकाराचा एक नियम, यावर सातवीतल्या मुलाला केवढे तरी काढता येते.

धरणात येणारे पाणी एक लाख क्युसेक आहे, म्हणजे सेकंदाला दहाचा पाचवा घात इतके घनफूट. एक टीएमसी भरायला किती वेळ? नवव्या घाताला पाचव्याने भागा, चौथा घात उरतो. दहा हजार सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांहून थोडे जास्त. धरणात दहा टीएमसी जागा शिल्लक आहे आणि खाली काहीच सोडले जात नाही असे धरले तर एक लाख सेकंद, जवळजवळ अठ्ठावीस तास. दिवसभर हाच वेग राहिला तर आठ टीएमसीहून जास्त पाणी येणार. कोयनेची पूर्ण साठवण १०५.२५ टीएमसी. ही सगळी तोंडी होणारी गणिते आहेत. ज्याला ती येतात त्याला बातमीतला आकडा नुसता मोठा वाटत नाही, त्यातून त्याला तास दिसतात. ज्याला येत नाहीत तो मोबाईलवर फिरणाऱ्या कोणत्याही निरोपावर विश्वास ठेवतो. पुराच्या दिवसांत तेच निरोप माणसांना एकतर उगीच पळवतात किंवा घरात बसवून ठेवतात.

जत-आटपाडीकडच्या किंवा माण-खटावच्या दुष्काळी भागातल्या मुलाला पुराचे गणित परके वाटेल. त्याच्यासाठी तोच टीएमसी उलट्या बाजूने घ्यावा. एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. म्हणून एक टीएमसी म्हणजे २.८३ गुणिले दहाचा दहावा घात इतके लिटर, सुमारे २,८३० कोटी. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाख २२ हजार. रोजची गरज साडेपंधरा कोटी लिटर, म्हणजे १.५५ गुणिले दहाचा आठवा घात. दहाव्यातून आठवा गेला, दुसरा उरला, २.८३ भागिले १.५५ म्हणजे साधारण १.८. उत्तर एकशे ऐंशीच्या आसपास दिवस. एका टीएमसीत सगळ्या जिल्ह्याचे सहा महिन्यांचे पिण्याचे पाणी. म्हैसाळ, टेंभू, ताकारी या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यावरून गावात चाललेली चर्चा हे उत्तर काढलेले मूल वेगळ्या कानाने ऐकेल. पिण्याला किती लागते आणि बाकीचे पाणी कोणत्या पिकाला जाते, हा पुढचा प्रश्न ते आपणहून विचारील, आणि तो त्याने विचारावा असे मला मनापासून वाटते.

पैशाचे तर सांगायलाच नको. हातउसन्याला महिन्याला शेकडा दहा व्याज द्यायला तयार होणारी माणसे आपल्या ओळखीत आहेत. थकलेले व्याज दर महिन्याला मुद्दलात मिळवले तर दहा हजारांचे वर्षाने किती होतील? बहुतेकजण बावीस हजार सांगतात, कारण डोक्यात बारा वेळा एक हजार मिळवले जातात. खरे उत्तर १.१ चा बारावा घात. इथेही वर्ग करत जा : वर्ग १.२१, त्याचा वर्ग १.४६४१, त्याचा वर्ग सुमारे २.१४४, आणि आठव्याला चौथ्याने गुणले की ३.१३८. दहा हजारांचे एकतीस हजार तीनशेच्या पुढे. पतसंस्थेच्या दामदुप्पट ठेवीचे गणितही हेच आहे. नऊ टक्के चक्रवाढीने आठ वर्षांत रक्कम जवळपास दुप्पट होते, म्हणून कुणी चार वर्षांत दुप्पट देतो म्हणाला तर तो दर कोणता हे विचारता आले पाहिजे.

आणि साखळी योजना. प्रत्येकाने पाच सभासद आणायचे, त्या पाचांनी आणखी पाच-पाच. १९७८ च्या कायद्याने अशा पैशाच्या साखळ्यांवर देशात बंदी आहे, तरी नवे नाव घेऊन त्या गावोगाव फिरतात आणि निवृत्तीचे पैसे, उसाचे बिल, बचतगटाची रक्कम घेऊन जातात. पाचचे घात मांडत जा. पाचव्या पायरीला तीन हजार एकशे पंचवीस माणसे, हे एका मोठ्या गावाला शक्य वाटते. नवव्या पायरीला साडेएकोणीस लाख. दहाव्या पायरीला सत्त्याण्णव लाख पासष्ट हजार सहाशे पंचवीस. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या २०११ मध्ये अठ्ठावन्न लाख होती, त्यात तान्ही मुलेही आली. म्हणजे दहावी पायरी भरायला दोन जिल्हे पुरत नाहीत, आणि शेवटच्या पायरीवरच्यांचे पैसे बुडणे हे त्या योजनेच्या आकड्यांतच लिहिलेले आहे. घातांकांचे सगळे नियम म्हणून दाखवणारा आठवीतला मुलगा हे घरी सांगू शकत नसेल तर त्याला काय शिकवले, असा प्रश्न मला शिक्षक म्हणून पडतो आणि तो मी टाळू शकत नाही.

यावर माझे सहकारी जे म्हणतात ते मला माहीत आहे, आणि त्यातले बरेच खरे आहे. वेळ नाही. वर्गात साठ मुले आहेत. निवडणुकीची, सर्वेक्षणाची, ऑनलाइन माहिती भरण्याची कामे आहेत. त्यांना मी एवढेच सांगेन, की नियमांनी वेळ वाचत नाही, तो पुढे ढकलला जातो. आठवीत घातांक आणि घनमूळ येते, चक्रवाढ व्याज येते, नववीत बहुपदी येतात, आणि प्रत्येक ठिकाणी दोनचा तिसरा घात आठ हे पुन्हा सांगत आपण तेच तास खर्च करतो.

दुसरा मुद्दा शिष्यवृत्तीचा. आपल्या भागात या परीक्षेला मोठा मान आहे आणि तो असावा. गरीब घरातल्या किती मुलांना तिने पुढे नेले आहे. पण बहुपर्यायी प्रश्नाला मिनिटभरात उत्तर हवे, म्हणून मुलांना युक्त्या शिकवायच्या, या विचारात एक गफलत आहे. चार पर्यायांतून झटपट बरोबर पर्याय निवडणारे मूल बहुधा किमती पाठ असलेले असते. सातशे एकोणतीस दिसले की तीनचा सहावा, नऊचा तिसरा आणि सत्तावीसचा दुसरा घात त्याला एकदम दिसतात. युक्ती विसरलेले मूल मात्र तिथेच अडते. परीक्षेच्या वेगासाठीसुद्धा किमतीच उपयोगी पडतात.

तिसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो : पाठांतर हे ज्ञानरचनावादाच्या, म्हणजे मुलाने ज्ञान स्वतः रचत शिकावे या विचाराच्या विरुद्ध आहे. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटच्या प्राथमिक शाळा रचनावादी पद्धतीसाठी राज्यभर गाजल्या. ठिकठिकाणचे शिक्षक त्या बघायला येत. तिथली मुले वस्तू हाताळून, फरशीवर मांडून संख्या शिकत. त्या कामाबद्दल मला आदर आहे, आणि तीच पद्धत सातवीच्या उंबरठ्यावर का थांबते हीच माझी तक्रार आहे. पण रचायला काहीतरी साहित्य लागते. पहिलीच्या मुलाकडे खडे आणि काड्या असतात. घातांकात एक हजार चोवीस खडे मांडता येत नाहीत. तिथे पाठ असलेल्या संख्या हेच मुलाच्या हातातले खडे. त्या नसतील तर मूल नियम शोधणार कशातून?

मग बदल कुठे करायचा? मला वाटते, प्रश्नपत्रिकेत. पुस्तक बदलायला वर्षे लागतात. घटक चाचणीचा कागद शाळेतच निघतो. ‘योग्य नियम वापरून सोपे रूप द्या’ असे दहा उपप्रश्न असतात तिथे पाच ठेवावेत आणि उरलेल्या जागी वेगळे प्रश्न यावेत. दोनचा दहावा घात मोठा की दहाचा तिसरा? तीनचा पाचवा मोठा की पाचचा तिसरा? दोनचा विसावा घात किती अंकी असेल, आकडेमोड न करता सांगा आणि का ते लिहा. खालील सोडवलेल्या उदाहरणात चूक कुठे आहे? दोनच्या दोन घातांची बेरीज पुन्हा दोनचाच घात कधी होते? या शेवटच्या प्रश्नावर मी वर्गाला दोन दिवस देते. दोन्ही घात सारखे असतील तरच, हे बहुतेकदा अशी मुलगी काढते जिने एरवी कधी हात वर केलेला नसतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, तेव्हापासून या दोन जिल्ह्यांत खेडोपाडी माध्यमिक शाळांचे जाळे विणले गेले. संस्था मोठ्या आहेत, त्यांचे गणिताचे शिक्षक एकमेकांना ओळखतात, सहविचार सभा होतात. अशा एखाद्या सभेत एवढे तीन ठराव झाले तरी पुरे : जूनपासून रोज पाच मिनिटे घातांच्या किमती, धड्यात पहिले चार तास नियमाचे नावही न काढता फक्त पसरून लिहिणे आणि किंमत काढणे, आणि चाचणीत निम्मे गुण अंदाज, तुलना आणि चूक शोधण्याला. धडा पहिल्या सत्रात येतो, कोयनेचे आकडे रोज छापून येत असतात तेव्हा. नियमांची चौकट पाचव्या तासाला मुलांनी स्वतः लिहावी, त्यांच्या शब्दांत, आणि प्रत्येक नियमाखाली तो ज्या उदाहरणातून सापडला ते उदाहरण असावे.